रिकाम्या सीटचा पट्टा

लिफ्टवाल्याचं विमान जमिनीवर यायला राजी नसायचं. बाकी सगळं नीट व्हायचं. वळणं नीट, उंची नीट, वेग नीट. धावपट्टी समोर सरळ यायची, चाकं आता टेकणार, आता टेकणार असं होईपर्यंत त्याच्या हातून सुकाणूचा दांडा जरा जास्तच मागे ओढला जायचा. विमान दचकून पुन्हा वर उसळायचं आणि वेग संपल्यामुळे हवेतच लटपटायला लागायचं. मग शेजारच्या सीटवरून मास्तर म्हणायचे, "दे माझ्याकडे." त्यांच्या हातात गेलं की तेच विमान शहाण्या मुलासारखं खाली बसायचं.

एक-दोन आठवडे असं झालं तर कोणी काही म्हणत नाही. पण त्याच्या बरोबरचे विद्यार्थी एकटे उडून आले, त्यांच्या मागून आलेलेही एकटे उडून आले, आणि हा आपला अजून मास्तरांना शेजारी घेऊन घिरट्या घालतोय. धंद्याने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. हवा पंखांना ज्या जोराने उचलून धरते त्यालाही लिफ्टच म्हणतात, त्यामुळे कँटीनमध्ये विनोदाला तोटा नव्हता. "मास्तर, तुमच्या माणसाकडे लिफ्ट रग्गड आहे हो, उतरायचा मजला तेवढा सापडत नाही!" तोही सगळ्यांबरोबर हसायचा. अशा गोष्टी हसण्यावारी नेणं त्याला चांगलं जमायचं.

खरी गोष्ट अशी की त्याला विमान उतरवता येत होतं. हे त्याला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतं. आता येत असून न येण्याचं सोंग कोणी का करेल, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

दोन खोल्यांच्या घरात तो आणि आई राहायचे. आई गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. ती असताना कुलपात किल्ली फिरली की आतून आवाज यायचा, "आलास?" आणि तो "आलो" म्हणायचा. मायलेकांचं त्यापलीकडे फार काही बोलणं व्हायचं असंही नाही. आई वर्तमानपत्र वाचत बसायची, हा पान्हे पुसत बसायचा. पण ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की "आलो" म्हणायलाही आधी कोणीतरी "आलास" म्हणावं लागतं. काही दिवस तो रिकाम्या खोलीलाच "आलो" म्हणत राहिला. मग स्वतःचीच लाज वाटून थांबला.

थोरली बहीण दूरच्या गावी दिलेली. ताई दर रविवारी न चुकता फोन करायची. तिचे गुडघे, भावोजींचं पित्त, पोरांचे क्लास, सगळं सांगून झालं की शेवटी विचारायची, "तुझं काय?" तो म्हणायचा, "माझं काय, चाललंय." ताईचा त्याच्यावर जीव होता, यात शंका नाही. पण जीव आठवडाभर पुरत नाही, सोमवारी संध्याकाळपर्यंतच संपतो.

कामावर माणसं भेटायची, पण कशी, तर दाराआडून. लिफ्ट अडकली की याला बोलावणं. हा जिने चढून यायचा, मोटारीला हात लावण्याआधी लिफ्टच्या दाराच्या फटीला तोंड लावायचा आणि म्हणायचा, "मी आलोय. घाबरू नका. बोलत राहा." बोलणारा माणूस श्वास घेतो, गप्प बसलेला अंधारात स्वतःलाच खातो, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. मग आतली माणसं बोलायची. एका बाईंनी सुनेच्या चुगल्या केल्या, एका साहेबांनी भीतीने पाढे म्हटले, एकाने तर आपण ऑफिसात कोणाकोणाला फसवलं तेही सांगून टाकलं. हा वरून मोटारीचं चाक हाताने फिरवत "हं, हं" करायचा. दार उघडलं की तीच माणसं कपडे झटकायची आणि याच्याकडे न बघता निघून जायची. त्यांचंही खरंच आहे. ज्याने आपल्याला रडताना ऐकलं त्याच्या डोळ्याला डोळा कोण भिडवणार?

एकच माणूस असा निघून गेला नाही. एका सहा मजली इमारतीत लिफ्ट मजल्यांच्या अधेमधे अडकली होती. याने फटीतून नेहमीचं सांगितलं, "घाबरू नका, बोलत राहा," तर आतून आवाज आला, "घाबरतोय कोण? मी पायलट आहे!" आणि पायलट म्हणताना आवाज चिरकला. पुढे दार उघडेपर्यंत त्या गृहस्थांच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. बाहेर आले ते घामाने निथळत, आणि त्यांनी याचा हात दोन्ही हातांत धरला.

"उभा जन्म आभाळात गेला, कधी काही वाटलं नाही," ते म्हणाले. "या पेटीत मात्र माझी पाचावर धारण बसली. बायकोला सांगायचं नाही हं. तुझ्या पेटीत मी बसलो, आता माझ्या पेटीत तू ये एकदा." हे मास्तर. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर पोरांना विमान शिकवायचे.

तो गेला एकदा, आणि मग जातच राहिला. आभाळाचं त्याला विशेष कौतुक नव्हतं; वरखाली करण्यातच त्याचा जन्म गेला होता. त्याला आवडला तो हेडफोन. इंजिनाच्या गोंगाटात शेजारच्याचं ऐकू यावं म्हणून दोघांच्याही कानांवर हेडफोन असतात, ओठांपाशी माइक असतो, आणि मास्तरांचा आवाज थेट कानात यायचा. इतक्या जवळून त्याच्याशी कितीतरी वर्षांत कोणी बोललं नव्हतं. आणि मास्तर काय बोलायचे! वेग सांभाळ, वेग म्हणजे जीव. नाकासमोर काय बघतोस, धावपट्टीच्या पार टोकाला बघ. आणि या दोन सूचनांच्या मधे घरातलं सगळं पुराण.

त्या दिवसांत मास्तरांच्या घरी नळाचं प्रकरण पेटलं होतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वहिनी म्हणाल्या, दुरुस्त करा. मास्तर म्हणाले, उद्या. असे बरेच उद्या झाल्यावर वहिनींनी अबोला धरला. "म्हटलं ठीक आहे, मग मलाही धरता येतो," मास्तर कानात सांगत होते. "आता घरात दोघंही गप्प. मीठ हवं असलं तर मी मिठाकडे बघून खोकतो."

लिफ्टवाला पोट धरून हसला, पण मनातून त्याला त्या अबोल्याचा हेवा वाटला. त्याच्याही घरी कोणी बोलत नव्हतं, पण त्याला काही अबोला म्हणता आला नसता. अबोला धरायलाही समोर कोणीतरी लागतं.

"आणि मग परवा रात्री," मास्तर म्हणाले, "ती एकदम स्वयंपाकघरातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली…"

"मग वहिनी काय म्हणाल्या?"

कानात खरखर झाली आणि धावपट्टीवरच्या टॉवरमधून विमानांना सूचना देणाऱ्या बाईंचा आवाज आला, "वहिनी काय म्हणाल्या ते आम्हालाही ऐकायचंय, पण आधी तुमची उंची सांगा."

झालं होतं असं, की दांड्याच्या टोकाला अंगठ्याखाली एक बटण असतं. ते दाबलं की दाबणाऱ्याचा आवाज टॉवरला, आणि रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या दुनियेला जातो. दाबून धरलं तर मग आपलंच बोलणं जात राहतं. दुसरं कोणी काही म्हणालं तरी आपल्याला ऐकू येत नाही. "अंगठा!" मास्तर ओरडले. "मूठ आवळलीस की अंगठा बटणावर जातो तुझा. घाबरलास तरी जातो, रंगात आलास तरी जातो!" पुढे धावपट्टीवर कोणी उशीर केला की कँटीनमधून आवाज यायचा, "काय हो, वहिनी काय म्हणाल्या?"

त्याच फेरीत ते घडलं. लिफ्टवाला अजून हसत होता, मास्तर गोष्टीचं टोक पुन्हा पकडत होते, आणि उतरायचं टेन्शन घ्यायला कोणाला सवडच नव्हती. नजर आपसूक दूर गेली, हात सैल राहिला, आणि चाकं टेकली. कशी टेकली, तर चांगली लिफ्ट मजल्याला लागते तशी. आतल्याला कळतही नाही, दार उघडतं तेव्हा समजतं.

मास्तर गोष्ट विसरले. "हे कोणी उतरवलं?"

"मी."

"अरे वा रे पठ्ठ्या! असं आणखी दोन-तीनदा कर, की मी उतरलो खाली. मग तुझं तू!"

त्यांनी त्याच्या पाठीत सणसणीत धपका घातला. त्याला आनंद झाला, नाही असं नाही. पण घरी जाऊन कुलूप उघडताना ते शेवटचे तीन शब्द त्याला पुन्हा ऐकू आले. मग तुझं तू. घरी तुझं तू, कामावर तुझं तू, आणि आता वरही.

दुसऱ्या दिवशी टेकता टेकता हात मागे ओढला गेला, तो आपोआप. त्याच्या पुढच्या दिवशीही आपोआपच. त्यानंतर मात्र आपोआप नाही. हे कबूल करायला त्याला जड गेलं असतं, म्हणून त्याने ते स्वतःशीही कधी नीट कबूल केलं नाही. मास्तर सीटवर असेपर्यंत सीट भरलेली, एवढंच त्याला कळत होतं. गंमत म्हणजे त्याचा उपयोगही झाला नाही. विमान उसळायला लागल्यापासून मास्तरांच्या गोष्टी आटल्या. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

मग एक दिवस मास्तर विमानाच्या पंखाला टेकून उभे होते. वारा पडलेला होता. तो आला तसे ते म्हणाले, "बस झालं रे. आज शेवटचं."

"म्हणजे?"

"म्हणजे आज जमलं तर जमलं. नाहीतर उद्यापासून दुसऱ्या कोणाकडे जा, नाहीतर नाद सोड. तुझा दोष नाही. दोष माझा. इतकी वर्षं शिकवतोय, एकालाही मधेच सोडलं नव्हतं. वय झालं माझं. मला सांगता येत नाहीये बहुतेक."

इकडे आड, तिकडे विहीर. उतरवलं तरी सीट रिकामी, नाही उतरवलं तरी रिकामी. पण त्याला लागलं ते वेगळंच. मास्तरांची कॉलर मानेभोवती सैल दिसत होती, आणि ते त्याच्याकडे न बघता चाकाकडे बघून बोलत होते. आपल्या एकटेपणापायी आपण एका चांगल्या माणसाला स्वतःबद्दल शंका घ्यायला लावली, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

वर गेल्यावर मास्तर काहीच बोलले नाहीत. वेग सांगितला नाही, धावपट्टीचं टोक सांगितलं नाही. कानात नुसता इंजिनाचा घरघराट. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी अबोला धरला होता. ज्याचा हेवा केला होता तो असा असतो होय, असं त्याच्या मनात आलं, आणि तो नको झाला.

त्याने विमान उतरवलं, अलगद. पुन्हा वर नेलं, पुन्हा तसंच उतरवलं. तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा चाकं टेकल्यावर मास्तर बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"कडेला घे," एवढंच ते म्हणाले.

इंजिन चालू ठेवूनच ते उतरले. मग पुन्हा आत वाकले, आपल्या सीटचा पट्टा रिकाम्या सीटवरून ओढला आणि खटकन लावून घट्ट केला. "मोकळा पट्टा दांड्यात अडकतो," ते ओरडून म्हणाले. "रिकामी सीटसुद्धा बांधावी लागते. एकच फेरी मार. माझं वजन नाही, तेव्हा भराभर वर चढेल आणि खाली यायला कुरकुरेल. मी इथेच आहे, रेडिओ आहे माझ्या हातात." आणि त्यांनी दार लावलं.

खरंच भराभर चढलं. ताईच्या लग्नानंतर घर एकदम मोठं झालं होतं, तसं विमान मोठं झालं. त्याने शेजारी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. न दिसणाऱ्या पोटाभोवती बांधल्यासारखा पट्टा तिथे बसला होता. खाली गाव, रस्ते, छपरं, आणि त्यातल्या कित्येक इमारतींच्या लिफ्टा त्याला आतून पाठ. कोणी वर बघत नव्हतं.

शेवटचं वळण घेऊन धावपट्टी समोर आली. टॉवरच्या बाई म्हणाल्या, "उतरायला मोकळीक आहे. वारा शांत." त्याने बटण दाबून "ठीक आहे" म्हटलं. आणि मग कानात काही म्हणजे काहीच येईना. टॉवर गप्प, बाकीची विमानं गप्प, सगळी दुनिया गप्प. इतकं गप्प त्याने फक्त बंद पडलेल्या लिफ्टमध्ये ऐकलं होतं. मूठ आवळली गेली.

बोलत राहा, त्याने स्वतःला सांगितलं. आणि तो बोलायला लागला.

"वेग बघ. वेग म्हणजे जीव. मास्तर, वेग बरोबर आहे. थोडा वर आहे मी, कमी करतो. हं." पट्टा ऐकत होता. "मास्तर, एक सांगू का? मला येत होतं. विमान उतरवायला मला येत होतं, कधीचंच येत होतं. तुम्ही म्हणालात मग तुझं तू, म्हणून उसळवत होतो मुद्दाम. दोष तुमचा नाही. तुम्ही फार चांगलं शिकवता. जरा डावीकडे जातंय, आणतो. तुम्ही उतरलात की संपलं ना सगळं. घरी गेलं की भिंती. रविवारी ताईचा फोन, ते झालं की पुढच्या रविवारपर्यंत मी गिऱ्हाइकांशी सोडून कोणाशी बोलत नाही. आई होती तेव्हा आलास म्हणायची. तुमचं तेवढं ऐकायला यायचो मी. विमान गेलं खड्ड्यात. नाही नाही, जाऊ नको रे बाबा, सरळ राहा. आणि ते नळाचं अर्धंच राहिलं. वहिनी उभ्या राहिल्या कमरेवर हात ठेवून. आता ते मला कोण सांगणार? कुंपण गेलं खालून. आता टोकाला बघायचं. पार टोकाला."

त्याने टोकाला बघितलं. हलकं झालेलं विमान खाली यायला कुरकुर करत तरंगत राहिलं. त्याने वाट बघितली. हात मागे ओढायला आता काही कारणच उरलं नव्हतं. चाकं टेकली, इतकी हळू की त्याला पुढे जाईपर्यंत कळलं नाही. हे बघायला शेजारी कोणी नव्हतं.

वेग कमी झाला तशी मूठ सुटली. अंगठा दुखत होता, आणि त्यावर बटणाचा गोल वळ उमटला होता.

कानात जग परत आलं. आधी बराच वेळ नुसती खरखर. मग टॉवरच्या बाई म्हणाल्या, "डावीकडून बाहेर या," आणि त्यांना घसा खाकरावा लागला.

त्याने वळाकडे बघितलं. मग त्याला समजलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. टॉवर, वाट बघत थांबलेलं दुसरं विमान, कँटीनच्या भिंतीवरचा स्पीकर. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. विमान जागेवर आणून त्याने इंजिन बंद केलं. कँटीनच्या दारात माणसं जमली होती. कोणी आभाळाकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. त्याच्याकडे एकही नाही. तोही त्यांच्याकडे बघू शकला नाही. लिफ्टमधून सुटलेली माणसं खाली मान घालून का जातात, ते त्याला इतक्या वर्षांनी आतून समजलं.

दार उघडलं. मास्तरांनी रिकाम्या सीटचा पट्टा सोडला, बाजूला सारला आणि आपल्या जागेवर येऊन बसले. हातातला रेडिओ मांडीवर ठेवला. दोघंही समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

"सगळ्यांनी ऐकलं?" त्याने विचारलं.

"कँटीनच्या मांजरानेसुद्धा."

"तुम्ही का नाही थांबवलंत मला?"

"थांबवतोय कशाला? मी ओरडत होतो, बोलत राहा, बोलत राहा म्हणून. टॉवरच्या बाईही तेच म्हणत होत्या." मास्तरांनी त्याचा हात उलटा करून अंगठ्यावरचा वळ बघितला. "अंगठा दाबून बसलास, तुला ऐकू कुठून येणार?"

मास्तरांनी हात सोडला नाही.

मग त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "मग वहिनी काय म्हणाल्या?"

"हं." मास्तर सीटवर नीट सरकून बसले. "कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता आपली खैर नाही. तर म्हणाली, 'अहो, भांडा हवं तर, पण बोला काहीतरी. या घरात नुसता नळच बोलतोय.'"

लिफ्टवाला हसला. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. "आणि नळ? केलात की नाही दुरुस्त?"

"गळतोय अजून. तिची रोज भुणभुण, माझं रोज उद्या."

"मी येऊन बघू का? वॉशर गेला असेल, दुसरं काही नाही."

मास्तरांनी खिसा चाचपला.

"वॉशर माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "नळ मला दुरुस्त करता येतो रे. कधीचाच येतो."